मापाची प्रतिकृती : दगडी कोळसा धुण्याचा कारखाना

(इयत्ता ५ वी ते ७ वी. गणित, सामान्य विज्ञान, भूगोल व कार्यानुभव यांचा समवाय पाठ. तासिका ६)

प्रास्ताविक

अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे गाव महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला नर्मदेच्या काठी वसलेले आहे. या तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही, आणि कोळशाची खाण तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वर्धा नदीच्या खोऱ्यात. असे असता मणिबेलीसारख्या गावच्या मुलांनी कोळसा धुण्याच्या कारखान्याची प्रतिकृती का करावी, असा प्रश्न शिक्षकांच्या मनात प्रथम उभा राहील आणि तो रास्तही आहे. मुलाच्या परिसरातूनच त्याच्या शिक्षणाचा आरंभ व्हावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु ज्या कामांचा परिणाम मुलाच्या आयुष्यावर होतो, ती कामे कितीही दूर घडत असली तरी तीही त्याच्या परिसरातच मोडतात. महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी मोठा भाग दगडी कोळशापासून निर्माण होतो. सुरत–भुसावळ मार्गावरील नंदुरबार स्थानकातून कोळशाच्या वाघिणींच्या लांबच लांब गाड्या जातात. धरणाच्या पायथ्याशी गुजरातेत केवडिया येथे २०२१ साली रेल्वे येऊन पोहोचली. नर्मदेच्या पाण्यावरही वीज निर्माण होते, आणि त्या विजेसाठी मणिबेलीची जमीन पाण्याखाली गेली. तेव्हा वीज कशी होते व तिच्यासाठी काय काय लागते, हा विषय या मुलांना परका नाही.

या पाठाचा मुख्य हेतू मात्र कोळशाची माहिती देणे हा नाही. एखादी मोठी वस्तू ठरावीक प्रमाणाने लहान करणे, आणि लहान आकृतीवरून मोठ्या वस्तूचे माप काढणे, ही दुहेरी शक्ती मुलाच्या अंगी यावी, हा मुख्य हेतू होय. कारखाना हे त्याचे साधन आहे. ही शक्ती मणिबेलीच्या मुलास विशेष अगत्याची का आहे, याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

तयार संच आणि शाळेतील प्रतिकृती

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणे हा पाश्चात्त्य देशांत थोरामोठ्यांचाही आवडता छंद आहे. आपल्याकडे पुण्यास कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले, आणि अनेक शाळांच्या सहलींनी ते पाहिले. अशा छोट्या रेल्वेशेजारी मांडण्यासाठी इमारतींचे तयार संच विकत मिळतात. त्यांत स्थानक असते, गोदाम असते, तसाच कोळसा निवडण्याचा व धुण्याचा कारखानाही असतो. प्लॅस्टिकच्या चौकटींत भिंती, खिडक्या, जिने, खांब असे सुटे भाग जोडलेले येतात. ते कापून, घासून, क्रमाने चिकटवले की हातभर लांबीची इमारत उभी राहते. उंच खांबांवर उभी असलेली, पन्हळी पत्र्यांची, आणि पोटाखालून तीन-चार रूळ गेलेली ही इमारत पाहताच मुलांच्या डोळ्यांत भरते. प्रत्येक रुळावर निरनिराळ्या आकाराचा कोळसा भरला जावा, अशी जुन्या अमेरिकन कारखान्यांची रचना असे. तीच बहुधा या संचांत दिसते.

या संचांचे सर्वांत रूढ प्रमाण १:८७ हे आहे. खऱ्या वस्तूतील एक फूट प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर धरल्याने ते सिद्ध झाले. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यास ३.५ ने भागले असता ८७.०९ येतात. युरोप-अमेरिकेतील रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्यास ८७ ने भागल्यास सुमारे १६.५ येतात, म्हणून या छोट्या रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर ठेवलेली असते. आता भारतातील ब्रॉडगेज रुळाचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे. ८७ ने भागल्यास ते १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक भरते. म्हणजे परदेशी संचातील रूळ आपल्या रुळाची खरी प्रतिकृती नव्हे. शिवाय मेजावरील जागा वाचावी म्हणून संच करणारे खऱ्या इमारतीची लांबी व पट्ट्यांचे चढ पुष्कळदा आखूड करतात. छंदासाठी यात काही बिघडत नाही. परंतु शाळेत संच आणून तो चिकटवावयास दिला, तर मोजमाप सारे दुसऱ्याने केलेले असते; मुलाच्या वाट्यास केवळ डिंक उरतो. यास्तव संच विकत घेण्याची इच्छा कोणी धरू नये, आणि तो परवडत नाही याची खंतही बाळगू नये.

१९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, आदिवासी मुलांसाठी भोवतालच्या वस्तूंतून शिक्षणसाधने सिद्ध केली. त्याच मार्गाने बांबूच्या कामट्या, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, रिकाम्या काड्यापेट्या, सुतळी, डिंक व कणकेची खळ एवढ्या साहित्यावर ही प्रतिकृती होते. नर्मदाकाठच्या पाड्यांतील मुलांचा बांबूवर हात सफाईने चालतो. शहरातील मुलास जे शिकावे लागेल ते त्यांना घरीच आलेले असते.

कारखान्याचे काम (शिक्षकांसाठी माहिती)

महाराष्ट्रात वरोरा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा काढण्यास प्रारंभ झाला. पुढे बल्लारपूर, घुगुस, वणी या बाजूस खाणी पसरल्या. आज या भागातील बहुतेक खाणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या सरकारी कंपनीच्या आहेत. भारतातील कोळशात मातीदगडाचा अंश फार असतो. कोळसा जळून गेल्यावर जी राख उरते ती पुष्कळ खाणींच्या कोळशात शंभरात तीस ते पंचेचाळीस इतकी भरते. हा अंश कमी करण्यासाठी कोळसा धुतात, आणि त्या कारखान्यास वॉशरी म्हणतात. देशात अशा कारखान्यांचा आरंभ १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आजच्या झारखंडातील पश्चिम बोकारो व जामाडोबा येथे झाला.

कारखान्यातील कामाचा क्रम असा :

१. फोडणे. खाणीतून आलेले मोठे ढेकूळ क्रशरमध्ये फोडतात.

२. चाळणे. हलत्या लोखंडी चाळण्यांवरून कोळसा सोडतात. लहान-मोठे तुकडे वेगळे होतात.

३. धुणे. शुद्ध कोळसा पाण्याच्या सुमारे सव्वा ते दीडपट जड असतो, तर त्यातील दगड अडीचपटीच्या आसपास जड असतो. हा फरक धुण्याचा पाया आहे. जिग नावाच्या पेटीत सच्छिद्र तळातून पाणी खालीवर हेलकावत ठेवतात. हलका कोळसा वर येतो, दगड तळाशी बसतो. दुसऱ्या पद्धतीत पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची बारीक पूड मिसळून ते पाणीच जड करतात. मग कोळसा तरंगतो आणि दगड बुडतो. ही पूड लोहचुंबकाने परत मिळवून पुन्हा वापरतात.

४. निथळणे. धुतलेला कोळसा पुन्हा चाळणीवर घेऊन त्यातील पाणी काढतात. गढूळ पाणी टाकीत निवळवून परत वापरावयाचे असते.

५. साठवणे व भरणे. स्वच्छ कोळसा उंच कोठारात, म्हणजे सायलोत, साठवतात आणि खालून दार उघडून वाघिणींत भरतात.

या साऱ्या क्रियांत कोळसा वरून खाली आपल्याच वजनाने येतो. म्हणून तो आरंभी एकदाच उंच चढवतात आणि यंत्रे एकाखाली एक मांडतात. इमारतीच्या उंचीचे कारण हेच आहे. मुलांनी हे कारण स्वतः शोधून काढावे; शिक्षकांनी आधी सांगू नये.

पूर्वतयारी : घरातील कामाची आठवण

पहिल्या तासिकेत कारखान्याचे नावही घेऊ नये. घरी धान्य कसे स्वच्छ करतात, एवढेच विचारावे. अपेक्षित संभाषण असे होईल :

शिक्षक : तांदळात बारीक खडे असले तर आई काय करते?

विद्यार्थी : पाणी घालून तांदूळ रोळते, गुरुजी.

शिक्षक : रोळताना खडे कोठे जातात?

विद्यार्थी : खाली बसतात. तांदूळ पाण्याबरोबर वरून दुसऱ्या भांड्यात घेते.

शिक्षक : खडे खाली आणि तांदूळ वर, असे का बरे?

विद्यार्थी : खडा जड असतो.

शिक्षक : तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक खडाही खालीच बसतो. मग तो जड कसा?

येथे मुले थांबतील. थांबू द्यावे. आकार व वजन या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि सारख्या आकाराच्या दोन वस्तूंचे वजन निराळे असू शकते, हा घनतेचा विचार याच क्षणी उगवतो. लगेच प्रयोग करावा. भांडेभर साध्या पाण्यात बटाटा सोडावा, तो बुडेल. मग त्यात मूठमूठ मीठ विरघळवीत जावे. पाणी पुरेसे जड झाले की बटाटा वर येईल, आणि त्याच भांड्यात टाकलेला दगड मात्र तळाशीच राहील. मॅग्नेटाइटची पद्धत याहून निराळी नाही.

एक सावधगिरी अवश्य घ्यावी. चुलीतील लाकडी कोळसा साध्या पाण्यावरही तरंगतो, कारण त्याच्या छिद्रांत हवा असते. दगडी कोळसा साध्या पाण्यात बुडतो. लाकडी कोळसा घेऊन धुण्याचा प्रयोग केल्यास मुलांची चुकीची समजूत होईल. प्रतिकृतीतील वाघिणींत भरण्यासाठी तो चालेल, प्रयोगासाठी नको.

या मुलांची घरची भाषा भिली आहे, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक क्रियेचा घरचा शब्द मुलांकडून प्रथम घ्यावा व फळ्यावर लिहावा. त्यापुढे मराठी शब्द, आणि शेवटी कारखान्यातील शब्द. फोडणे व क्रशर, चाळण व स्क्रीन, रोळणे व जिग, कणगी व सायलो अशा जोड्या लागल्या की नवा शब्द ओळखीच्या वस्तूचा हात धरून येतो. बांबूची कणगी ज्याने घरी पाहिली आहे त्यास सायलो समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिकृतीची मापे

शाळेसाठी १:८७ पेक्षा १:१०० हे प्रमाण सोयीचे आहे. खऱ्या वस्तूचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतीतील एक सेंटिमीटर. इमारतीची मापे पाठाच्या सोयीसाठी कल्पिली आहेत. रूळ व वाघीण यांची मापे भारतीय रेल्वेत प्रचलित असलेली आहेत.

रुळांमधील अंतर : खरे १६७६ मिलिमीटर, प्रतिकृतीत सुमारे १७ मिलिमीटर.

कोळशाची उघडी वाघीण : लांबी सुमारे १०.७ मीटर, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे ३.२ मीटर, प्रतिकृतीत १०.७ आणि ३.२ सेंटिमीटर.

इमारत : लांबी ३० मीटर, रुंदी १८ मीटर, उंची २४ मीटर, प्रतिकृतीत ३०, १८ व २४ सेंटिमीटर.

रुळांवरील मोकळी जागा : ६ मीटर, प्रतिकृतीत ६ सेंटिमीटर.

माणूस : १.६५ मीटर, प्रतिकृतीत १.६५ सेंटिमीटर, म्हणजे चिंचोक्याहून थोडा उंच.

पुठ्ठ्याचा माणूस सर्वांत आधी करवून घ्यावा. तो इमारतीशेजारी उभा केला की पुठ्ठ्याचे खोके एकाएकी प्रचंड दिसू लागते. प्रमाणाची जाणीव आकड्यांपेक्षा या चिंचोक्याएवढ्या माणसाने लवकर होते.

दोन काड्यापेट्या लांबीने जोडल्या तरी वाघिणीची लांबी काहीशी अपुरी पडते. किती अपुरी पडते ते मुलांनी पट्टीने मोजावे आणि तेवढा पुठ्ठा जोडावा. कोळशाची एक पूर्ण गाडी सामान्यतः ५८ वाघिणींची असते. ५८ ला १०.७ ने गुणले असता ६२० मीटरांहून थोडी अधिक लांबी येते. प्रतिकृतीत ती सहा मीटरांहून अधिक भरेल, म्हणजे बहुतेक वर्गखोल्यांत ती मावणारही नाही. म्हणून चार वाघिणी कराव्यात आणि उरलेल्या ५४ वाघिणींची लांबी अंगणात खडूने आखावी. मुलांनी त्या रेषेवरून चालून पाहावे.

पट्ट्याचा चढ

कोळसा इमारतीच्या माथ्यावर नेणारा रबरी पट्टा, म्हणजे कन्व्हेअर बेल्ट, हा प्रतिकृतीचा सर्वांत बोधप्रद भाग आहे. तो उभा का नसतो? एक फळी घेऊन तिच्यावर हरभऱ्याचे दाणे नव्हे तर ओबडधोबड खडी ठेवावी आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. एका चढानंतर खडी घसरू लागते. हलत्या पट्ट्यावर तर आणखी सावध राहावे लागते. म्हणून कोळशाच्या पट्ट्यांचा चढ सामान्यतः अठरा अंशांच्या आसपास थांबतो. सोयीसाठी तीन मीटर पुढे गेल्यास एक मीटर वर, असा चढ धरावा. इमारत २४ सेंटिमीटर उंच असल्यास पट्ट्याचे पाय ७२ सेंटिमीटर अंतरापासून सुरू होतील. पट्ट्याची प्रत्यक्ष लांबी मुलांनी सुतळीने मोजावी. ती सुमारे ७६ सेंटिमीटर भरेल. तीस सेंटिमीटरांच्या इमारतीस पाऊण मीटराचा पट्टा! तयार संचातील पट्टा आखूड व खडा का दिसतो आणि तो खऱ्या कारखान्यात का चालणार नाही, हे मुले आता आपल्या मापाच्या आधारे सांगू शकतील. दुसऱ्याच्या आकृतीत खोट कोठे आहे, हे मोजून दाखवता येणे ही या पाठाची पहिली मोठी प्राप्ती समजावी.

वजनाचा हिशेब

लांबी शंभरपट लहान केली म्हणजे वजनही शंभरपट लहान होते, असे मुलांना वाटते. एक सेंटिमीटर बाजूचा मातीचा घन करावा, मग दोन सेंटिमीटर बाजूचा करावा, आणि दुसऱ्यात पहिल्यासारखे किती घन मावतात ते मोजावे. ते आठ असतात. बाजू दुप्पट तर घनफळ आठपट. बाजू शंभरपट तर घनफळ दहा लाखपट. एका वाघिणीत सुमारे ५८ टन, म्हणजे ५८,००० किलो कोळसा मावतो. त्यास दहा लाखांनी भागले असता ५८ ग्रॅम येतात. प्रतिकृतीच्या वाघिणीत ५८ ग्रॅम कोळसा म्हणजे खऱ्या वाघिणीतील ५८ टन.

येथून पुढचा हिशेब मुलांना विस्मित करील. ५८ वाघिणींची गाडी ३,३६४ टन कोळसा वाहते. कोळशात शंभरात ४० राख असेल तर ५८ पैकी २३ वाघिणींएवढा भार केवळ राखेचा असतो. तो जमिनीतून काढावयाचा, शेकडो किलोमीटर वाहून न्यावयाचा, आणि जाळून झाल्यावर पुन्हा ढिगावर टाकावयाचा. म्हणूनच २०१४ साली केंद्र शासनाने पाचशे किलोमीटरांहून दूरच्या वीजकेंद्रांनी शंभरात ३४ हून अधिक राख असलेला कोळसा वापरू नये, असा नियम टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरवले. ही अट २०२० साली काढून टाकण्यात आली. राख ३४ असती तर किती वाघिणी राखेच्या झाल्या असत्या, हे मुलांनी काढावे. उत्तर वीस वाघिणींच्या थोडे आत येईल.

सातवीच्या वर्गास पुढील उदाहरण द्यावे. १०० टन कच्च्या कोळशात ४० टन राख आहे. धुतल्यावर ८० टन कोळसा मिळाला व त्यात शंभरात ३४ राख राहिली. म्हणजे त्यात २७.२ टन राख आहे. उरलेल्या २० टन टाकाऊ भागात १२.८ टन राख गेली, म्हणजे शंभरात ६४. राख नाहीशी झाली नाही. तिची जागा बदलली. हे वाक्य मुलांच्या तोंडून यावे.

वीजवापराशीही सांगड घालावी. नऊ वॉटचा दिवा रोज पाच तास लावल्यास एक युनिट वीज संपावयास सुमारे बावीस रात्री लागतात. कोळशाच्या वीजकेंद्रात एक युनिट विजेस साधारणपणे ७०० ग्रॅमच्या आसपास कोळसा लागतो. प्रतिकृतीतील बारा वाघिणींत मिळून जेवढा कोळसा मावेल, तेवढा हा असतो.

प्रतिकृतीत काय नसते

पाचव्या तासिकेस प्रतिकृती पूर्ण होईल. तेव्हा मुलांना तिच्याभोवती बसवून एकच प्रश्न विचारावा : खऱ्या कारखान्यातील कोणती गोष्ट आपण यात दाखवलेली नाही? प्रथम धूळ, आवाज, यंत्रे अशी उत्तरे येतील. मग कोणी म्हणेल, काम करणारी माणसे एकच केली आहेत. टाकाऊ दगडाचा ढीग दाखवलेला नाही. गढूळ पाणी कोठे जाते ते दाखवलेले नाही. अखेरीस ज्या पाटीवर प्रतिकृती उभी आहे तिच्याकडे बोट दाखवून शिक्षकांनी विचारावे : या जागेवर पूर्वी काय होते?

या प्रश्नाचे स्पष्टीकरण मणिबेलीच्या मुलांपुढे करण्याची गरज नाही. कोणतीही प्रतिकृती, कोणताही नकाशा काही गोष्टी दाखवतो व काही गाळतो. गाळल्याशिवाय तो होतच नाही. तो त्याचा दोष नव्हे. परंतु काय गाळले आहे हे विचारण्याची सवय नसेल तर पाहणारा फसतो. मुलांनी ढीग, गढूळ पाण्याची टाकी, कामगारांची घरे व शेजारची शेते यांची मापे ठरवून ती मूळ पाटीस जोडावीत. पाटी अपुरी पडेल. दुसरी पाटी लावावी. कारखाना किती जागा व्यापतो याचे खरे ज्ञान दुसरी पाटी लावल्यावरच होते.

मणिबेलीचे माप

सहावी तासिका गावाच्या नकाशासाठी राखून ठेवावी. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी ४५५ फूट ठरवली. मुलांनी ४५५ ला ०.३०४८ ने गुणावे, १३८.६८ मीटर येतील. त्या एका आकड्याने महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. पाणी प्रथम आले ते मणिबेलीत. गावाजवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही जलाशयात गेले. १९९४ साली देशोदेशीच्या संस्थांनी जागतिक बँकेच्या धरणकर्जांविषयी जे निवेदन काढले त्यास मणिबेली जाहीरनामा असेच नाव मिळाले. धरणाच्या पूर्ण पातळीपर्यंत पाणी प्रथम भरले ते सप्टेंबर २०१९ मध्ये. या धरणावरील वीजकेंद्रांची क्षमता १,४५० मेगावॉट असून तीतून होणाऱ्या विजेत महाराष्ट्राचा वाटा शंभरात २७ आहे. हे सारे घरी मोठ्यांच्या बोलण्यातून मुलांनी ऐकलेले असते. शाळेने त्यात भर घालावयाची ती मापाची.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा घ्यावा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर, आणि एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीची पेन्सिलरेषा जमिनीवर २५ मीटर रुंद होते. पंचवीस मीटरांत एक घर, त्याचे अंगण आणि गोठा सहज मावतात. त्या नकाशावर उंचीच्या रेषा सामान्यतः वीस-वीस मीटरांनी काढलेल्या असतात. म्हणजे १२० मीटरांची रेषा असते, १४० मीटरांची असते, १३८.६८ मीटरांची छापलेली नसते. ती जमिनीवर जाऊन, यंत्राने पातळी घेऊनच ठरवावी लागते. घर रेषेच्या आत की बाहेर, यावर त्या कुटुंबाची जमीन व पुनर्वसन अवलंबून असते. शंभरास एक या प्रमाणात एक मिलिमीटराची चूक म्हणजे दहा सेंटिमीटर. पुठ्ठ्याच्या कारखान्यात ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पन्नास हजारास एक या प्रमाणात तीच चूक एक पाडा इकडचा तिकडे करते. चूक किती मोठी हे हातातील पट्टी सांगत नाही, प्रमाण सांगते.

हे दाखवण्यासाठी परातीत मातीचा डोंगर करावा, त्यावर खड्यांची घरे मांडावीत आणि पाणी हळूहळू ओतावे. पाणी भरण्यापूर्वी प्रत्येक मुलाने, ठरलेल्या उंचीला पाणी आले असता कोणते खडे बुडतील, ते पट्टीने मोजून वहीत लिहावे. मग पाणी भरावे आणि पडताळावे. डोळ्याने अंदाज बांधणारे चुकतील. मोजणारे क्वचितच चुकतील.

शिक्षकांनी येथे कोणत्याही पक्षाची बाजू मांडण्याचे कारण नाही. मोठी कामे होत राहतील. कोळशाची होतील, पाण्याची होतील. त्यांचे नकाशे गावात येतील, आणि ते वाचून दाखवणारा माणूस पुष्कळदा बाहेरचा असेल. गावातील एका तरी मुलास तो नकाशा हाती घेऊन, प्रमाण पाहून, पट्टी लावून, आपल्या अंगणापर्यंतचे अंतर काढता यावे, एवढी अपेक्षा प्राथमिक शाळेकडून करणे मुळीच अधिक नाही.

स्वाध्याय

१. रोळणे व जिग यांतील साम्य तीन वाक्यांत लिहा.

२. १:८७ व १:१०० या दोन प्रमाणांत आपल्या शाळेच्या खोलीची लांबी किती येईल?

३. कोळसा चढवण्याचा पट्टा इमारतीपेक्षा लांब का असतो? फळी व खडी यांचा प्रयोग करून लिहा.

४. ३,३६४ टन कोळशात शंभरात ४० राख असल्यास राख किती टन?

५. आपल्या घराची प्रतिकृती १:१०० प्रमाणात करा. तीत कोणत्या गोष्टी गाळल्या, त्यांची यादी सोबत जोडा.

६. १:५०,००० च्या नकाशावर आपल्या पाड्यापासून जलाशयाच्या काठापर्यंतचे अंतर मोजा. तेच अंतर पावलांनी मोजा. दोन्ही उत्तरे शेजारी लिहा, आणि फरक पडल्यास तो कशाने पडला ते शोधा.